जुन्या मोटारीतले ठिसूळ प्लास्टिक

रायपूरहून बिलासपूरकडे निघाले की भनपुरीचा कारखान्यांचा भाग लागतो. मे महिन्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. कामाची पाळी संपेपर्यंत मोटार अशा उन्हात उभी राहिली, तर बंद काचांमागचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापू शकतो. अशी दहा-पंधरा वर्षे गेली की एके दिवशी 'कट्' असा आवाज होतो आणि दाराचे आतले हँडल हातात येते!

मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्येच थांबले, तरी अनेक घरांत ती वडिलांची आठवण म्हणून जपलेली असते. अशा जुन्या गाडीचा नेमका तोच भाग, त्याच रंगात मिळेलच असे नाही. म्हणून तुटलेला तुकडा फेकू नका.

असे का होते?

उन्हातील अतिनील किरणांमुळे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तुटतात. उष्णतेमुळे काही प्लास्टिकमधील मऊपणा देणारी द्रव्येही उडून जातात. प्लास्टिक कडक होते आणि पहिली चीर स्क्रूच्या छिद्रापाशी किंवा क्लिपजवळ पडते.

आधी ओळख, मग गोंद

सर्वांत मोठी चूक म्हणजे हाताशी असेल तो गोंद लावणे. आधी तुकड्याची मागील बाजू पाहा. तेथे बहुधा 'एबीएस' किंवा 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. खूण नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर ॲसिटोन लावा. एबीएस चिकट होते, पीपीवर काहीच परिणाम होत नाही.

एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचा निरुपयोगी तुकडा ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशीसारखे मिश्रण करा. चीर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, सँडपेपरने खरवडा. मिश्रण मागील बाजूने भरा आणि किमान एक दिवस हात लावू नका. जोडावर पातळ धातूची जाळी ठेवून दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद लावल्यास बळकटी येते. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाला 2 मिलिमीटरचे छिद्र पाडा.

पीपीवर मात्र साधा गोंद टिकत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. दोन्ही कडांना बारीक छिद्रे पाडून तारेने टाके घालणे हा घरचा सोपा उपाय. गरम पिन वितळवून बसवण्याचे काम कारागिराकडून करून घ्यावे.

एवढे सांभाळा

भाग काढण्यापूर्वी केस वाळवण्याच्या यंत्राने तो कोमट करा. थंडीच्या सकाळी ओढलेली क्लिप हमखास तुटते. स्क्रूड्रायव्हरऐवजी लाकडी पट्टी वापरा. ॲसिटोन लगेच पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात हे काम नको. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दूर ठेवा. झटपट चिकटणारा गोंद कापसाने पुसू नका, कापूस तापून भाजू शकते.

एअरबॅगचे झाकण मात्र कधीही घरी चिकटवू नका. एअरबॅग उघडताना तोच तुकडा उडून चेहऱ्यावर बसू शकतो. दाराचे हँडल दुरुस्त केल्यावर दहा-वीस वेळा ओढून पाहा. अडचणीच्या वेळी आजी-आजोबांना त्याच हँडलने बाहेर पडायचे असते.

आणि उद्यापासून गाडी सावलीत लावा. सावली नसेल तर पुढच्या काचेला आतून पडदा तरी लावा.