मधली रेघ कुठून धरायची?

आमच्या बचत गटातली एक मैत्रीण परवा मुलीला घेऊन घरी आली. मुलगी बारावीत, अभ्यासात हुशार. पण फोटो काढायचा म्हटलं की ओढणीचं टोक तोंडावर. चार वर्षांची असताना ओट्यावरून हनुवटीवर पडली होती. हळद दाबली, रक्त थांबलं, सगळे विसरले. पुढे चेहरा वाढत गेला, तशी हनुवटी डावीकडे सरकत गेली.

"सोयरिकीचं कसं करायचं जी ताई?" आईचा प्रश्न.

मी दोघींना घेऊन गोंदियाहून नागपूरला एका दंत रुग्णालयात गेले. सीटी स्कॅन झाला. शिकाऊ डॉक्टरने संगणकावर कवटीचं चित्र उघडलं आणि नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ ओढली. दोन्ही बाजू मोजल्या. फरक थोडाच दिसला.

मागे उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अरे, जी हनुवटी सरकली आहे, तिच्यातूनच रेघ काढलीस, तर सरकलेलं दिसणार कसं?"

मैत्रिणींनो, मला लगेच आमचा गवंडी आठवला. भिंत वाकडी आहे की सरळ, हे तो भिंतीलाच विचारत नाही, ओळंबा सोडतो! चेहऱ्याचंही तसंच. मोजायची ती पातळी न हललेल्या हाडांवरून धरायची. म्हणून डॉक्टर नाकाचं मूळ आणि कवटीच्या तळाशी, मधोमध असलेल्या खुणा घेतात. जबडा वाकडा वाढला तरी या खुणा सहसा जागेवर असतात.

आडवी पातळी धरायची एक जुनी रीत आहे, फ्रँकफर्टची. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडायची. कवट्या मोजणाऱ्या अभ्यासकांनी १८८०च्या दशकात ती जर्मनीत ठरवली. पुढे १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी डोकं ठरावीक स्थितीत धरून एक्स-रे काढायची पद्धत आणली, तिथेही ती कामी आली. पण काही मुलांचा जन्मतःच एक कान छोटा नि खाली असतो. तिथे कानावरून पातळी धरली, तर सगळं मापच तिरपं! मग दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

आणि हा बारकावा नुसता कागदावरचा नाही. मधली रेघ एकच अंश कलली, तरी दहा सेंटिमीटर खाली हनुवटीपाशी पावणेदोन मिलिमीटरची चूक होते. हाड कोणत्या बाजूला, किती कापायचं, हे त्याच मापावर ठरतं. ब्लाऊजची मधली घडी चुकली, तर फार तर कापड वाया जातं. इथे मुलीचा चेहरा असतो.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. अगदी तंतोतंत सारख्या दोन बाजू कुणाच्याच नसतात. तुमच्या-माझ्याही नाहीत. थोडा फरक म्हणजे आजार नव्हे.

मग त्यांनी मुलीला जवळ घेऊन विचारलं, "तुला स्वतःला काय त्रास होतो गं?"

"मॅडम, तोंड पूर्ण उघडत नाही. पेरू चावता येत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही सगळे हनुवटीकडेच बघत होतो. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! लहानपणी पडल्यावर कानापुढचा जबड्याचा सांधा दुखावला आणि हळूहळू आखडला. त्यामुळे त्या बाजूची वाढ खुंटली. "आधी तोंड उघडायचं बघू, रूपाचं त्यानंतर," मॅडम म्हणाल्या.

म्हणून सांगते, मूल हनुवटीवर पडलं, तर नुसती जखम बघू नका. तोंड नीट उघडतं का, उघडताना जबडा एका बाजूला जातो का, ते बघा. शंका आली, तर दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. अंगणवाडीत, शाळेत तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झालेली ही योजना अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

परतीच्या गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मी सोयरिकीवरूनच मोजत बसली जी."

मुलगी खिडकीशी बसली होती. ओढणी खांद्यावर होती.