सुंता, संकोच आणि आपले शरीर

लग्नाला पंधरा दिवस राहिलेला एक तरुण मध्यंतरी दवाखान्यात आला. तालुक्यातल्याच एका गावचा, शेती करणारा, धडधाकट. बाकावरचे सगळे रुग्ण संपेपर्यंत तो बाहेर झाडाखाली उभा राहिला आणि मग आत येऊन दार लोटून घेत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एक ऑपरेशन करून द्या जी." कशाचे, तर लिंगावरची पुढची कातडी काढून टाकायचे. त्रास काय होतो, असे विचारले. त्रास काहीच नव्हता. लघवीला जळजळ नाही, खाज नाही, सूज नाही, कातडी सहज मागेपुढे होते. बऱ्याच वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. मोबाइलवर त्याने काही चित्रफिती पाहिल्या होत्या. त्यांतल्या गोऱ्या माणसांना अशी कातडी नव्हती. तेव्हा आपल्यातच काही खोट आहे आणि ती पहिल्या रात्रीच बायकोला कळणार, अशी त्याची खात्री झाली होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी नेमका उलटा प्रसंग आला होता. बारा वर्षांचा एक मुसलमान मुलगा, वसतिगृहात राहून शिकणारा. आईने दाखवायला आणला तो जांघेतल्या नायट्यासाठी. नायटा दोन्ही मांड्यांवर उतरला होता आणि खाजवून खाजवून कातडे सोलले होते. इतके दिवस सांगितले का नाही, याला उत्तर मिळेना. आईला बाहेर बसवल्यावर तो बोलला. नळावर सगळी मुले एकत्र आंघोळ करीत. याचे वेगळे दिसते म्हणून चिडवीत. म्हणून तो पहाटे अंधारात अंगावर दोन तांबे घेई, चड्डी न बदलता तशीच ओली ठेवी आणि वर पँट चढवी.

एकाला कातडी आहे म्हणून लाज, दुसऱ्याला ती नाही म्हणून. दोघांचेही शरीर निरोगी.

या कातडीला वैद्यकात अग्रत्वचा म्हणतात. शिश्नाच्या बोंडावर ती टोपीसारखी असते. बोंडाचा भाग नाजूक, ओलसर राहावा, घासला जाऊ नये, हे तिचे काम. जन्मतः ती आतून बोंडाला चिकटलेली असते. डग्लस गेर्डनर या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९४९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांमध्ये ती मागे सरकते. पुढे ती आपोआप सुटत जाते. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून याकोब ओस्टर यांनी १९६८ साली दाखवले, की सहा-सात वर्षांच्या मुलांत कातडीचे तोंड घट्ट असण्याचे प्रमाण ८ टक्के, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत फक्त १ टक्का असते. म्हणजे निसर्ग हे काम स्वतःच करतो, फक्त त्याला घाई नसते. घाई आपल्याला असते. आंघोळ घालताना आजी किंवा आई जोर लावून कातडी मागे ओढते, आत बारीक जखमा होतात, त्या भरताना कातडी आक्रसते आणि मग खरोखरच शस्त्रक्रियेची पाळी येते. लहान मुलाची कातडी ओढू नये. बाहेरून पाणी पुरे.

ही कातडी काढून टाकणे म्हणजे सुंता. मुसलमान आणि यहुदी समाजांत ती धर्माचा भाग आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायली लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शेकडो वर्षे ते इतर यहुदी जगापासून तुटलेले होते. पण मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता करण्याचा रिवाज त्यांनी सोडला नाही.

अमेरिकेतल्या गोऱ्या माणसांची गोष्ट निराळी आहे. तिथे ही प्रथा डॉक्टरांनी रुजवली आणि तिचे कारण ऐकून आज हसू येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या वैद्यांचा असा ग्रह होता, की हस्तमैथुनामुळे वेड लागते, फेफरे येते, आणि सुंता केली की मुलगा त्या 'व्यसना'पासून सुटतो. कॉर्नफ्लेक्समुळे ज्यांचे नाव आजही घरोघर आहे, ते डॉ. जॉन हार्वे केलॉग याचे मोठे पुरस्कर्ते. भूल न देता सुंता करावी म्हणजे वेदना लक्षात राहील, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे हे कारण गळून पडले, स्वच्छतेचे कारण आले, आणि प्रथा मात्र राहिली. २०१० सालीसुद्धा अमेरिकेतल्या इस्पितळांत जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ५८ टक्क्यांची सुंता झाली होती. इंग्लंडने वेगळा मार्ग धरला. या शस्त्रक्रियेपायी तिथे दरवर्षी सोळाच्या आसपास मुले दगावत आहेत, हे गेर्डनर यांनी दाखवून दिले. सरकारी आरोग्यसेवेने धार्मिक वा सवयीच्या सुंतेचा खर्च उचलला नाही आणि प्रमाण झपाट्याने घसरले. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये ती प्रथा रुजलीच नाही.

तेव्हा आमच्या तरुणाने मोबाइलवर जे पाहिले, ते पुरुषाचे 'बरोबर' शरीर नव्हते. ते एका देशातल्या डॉक्टरांच्या शंभर वर्षांच्या सवयीचे चित्र होते.

आता थोडा वेगळा विषय. कपड्यांविना एकत्र वावरणारे, पोहणारे, उन्हात बसणारे लोक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. आपण त्यांना निसर्गवादी म्हणू. वाचकांच्या भुवया उंचावतील, पण या चळवळीचा एक धागा आपल्याच ठाण्यात निघतो. १८९१ साली ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी अशी एक संस्था काढली होती. सभासद तीन, एक स्वतः न्यायाधीश आणि दोघे एका मिशनऱ्याचे मुलगे. माथेरानला झाडीत ते विवस्त्र वावरत. क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली आणि संस्था संपली. तरी जगात नोंद असलेली ही अशा प्रकारची पहिली संस्था मानतात.

मराठीत हा विषय उघडपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, आणि नग्नतेत मुळात अश्लील काही नाही, हे ते पुनःपुन्हा लिहीत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक आपल्या शंका विचारतात आणि मासिक त्यांना उत्तर देते, यात विकृती कसली, हा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक चालूच राहिले.

कर्व्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण तीस वर्षांच्या दवाखान्यानंतर एक गोष्ट पटली आहे. झाकून ठेवलेल्या शंकेचा रोग होतो. निसर्गवाद्यांच्या तळ्याकाठी किंवा शिबिरात गेलेला माणूस पहिल्या तासात चोरट्या नजरेने तुलना करतो. नंतर त्याला दिसते, की तिथे पोट सुटलेले आहेत, बारीक आहेत, ऑपरेशनचे व्रण असलेले आहेत, सुंता झालेले आहेत, न झालेले आहेत. जर्मन तळ्यावर अमेरिकन माणूस वेगळा दिसतो, अमेरिकेतल्या तळ्यावर जर्मन. आणि कोणी ढुंकून पाहत नाही. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ कीऑन वेस्ट यांनी ८४९ लोकांची पाहणी केली. जे अशा ठिकाणी अधिक जात, ते आपल्या शरीराबद्दल आणि एकूण आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. अशी पाहणी एकटी फार काही सिद्ध करत नाही, कारण समाधानी माणसेच तिकडे जात असतील. पण पुढे त्याच संशोधकाने प्रत्यक्ष कार्यक्रमांत भाग घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर लोकांना विचारले, तेव्हाही स्वतःच्या शरीराविषयीचे मत सुधारलेलेच दिसले.

दिगंबर मुनी किंवा कुंभातले नागा साधू यांची नग्नता निराळी. ती त्यागाची आहे. आपले शरीर बरे आहे, हे पटण्यासाठी ती नाही.

सतीच्या पात्रात सर्वांनी कपडे काढून उतरावे, असे मी सुचवत नाही. तो गुन्हा ठरेल आणि माझा दवाखानाही बंद पडेल. पण आमच्या भागातले म्हातारे लंगोटीवर नांगर धरत आणि नदीवर मोकळेपणी आंघोळ करत. पोरे त्यांच्याबरोबर उतरत. माणसांची शरीरे तऱ्हेतऱ्हेची असतात, हे कोणी शिकवावे लागत नव्हते. आता घरोघर दाराचे न्हाणीघर झाले. फार चांगले झाले, बायाबापड्यांची सोय झाली. पण त्या दाराआड मुलाच्या हातात मोबाइल असतो, आणि त्याने आयुष्यात पाहिलेली उघडी शरीरे म्हणजे पैसे घेऊन चित्रण करणाऱ्या नटांची. शेजारच्या काकाचे साधे शरीर त्याने कधी पाहिलेले नसते.

जुन्या काळी सगळेच मोकळे होते, असेही नाही. हत्तीरोगाचा आपला पट्टा. अंडवृद्धी झालेला माणूस नदीवर यायचे बंद करी, लग्नकार्य टाळी आणि सैल धोतरात दहा-दहा वर्षे काढी. साध्या शस्त्रक्रियेने बरा होणारा आजार केवळ लाजेपायी वाढे. आजही वाढतो.

सुंतेच्या बाबतीत चिडवणे ही तर नुसती पोरांची थट्टाही नाही. हिटलरच्या राज्यात आणि १९४७ च्या फाळणीत रस्त्यात माणसांचे कपडे उतरवून कोण कोणत्या धर्माचा हे ठरवले गेले, आणि त्यावर जगणे-मरणे ठरले. नळावर हसणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते. वसतिगृहाच्या शिक्षकांना ठाऊक असायला हवे. त्या मुलासाठी मी मलम लिहून दिले, कोरडे कपडे घालायला सांगितले आणि वसतिगृहप्रमुखांना नळांमध्ये आडोसे करायला सुचवले. आडोसे झाले. पण त्याहून बरे काम एका शिक्षकाने केले. मुलांना एकत्र बसवून सुंता म्हणजे काय, ती का करतात, हे त्यांनी सरळ सांगितले. नंतर चिडवणे थांबले, असे आईकडून कळले. डॉ. राणी बंग यांनी आपल्या जिल्ह्यात सुरू केलेल्या 'तारुण्यभान' शिबिरांत असेच प्रश्न मुलेमुली विचारतात. आपल्या शाळांनी ती घडवून आणावीत.

आता सुंतेची वैद्यकीय गरज केव्हा पडते, ते पाहू. मोठ्या मुलाची लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगते आणि धार बारीक येते, वारंवार सूज आणि पू होतो, कातडीचे तोंड पांढरे, कडक, चिरा पडलेले दिसते, तर डॉक्टरला दाखवावे. पुष्कळदा स्टेरॉइडचे मलम काही आठवडे लावूनच भागते. ते स्वतःच्या मनाने औषधाच्या दुकानातून आणू नये. चाळिशी-पन्नाशीत कातडी एकाएकी घट्ट होऊ लागली, खाज आणि चिरा पडू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासावी. मधुमेहाची पहिली खूण अशी सापडलेले रुग्ण माझ्याकडे दर वर्षी असतात. ते आधी गजकर्णाचे मलम लावून पाहतात, मग कोणाचा तरी पाला, आणि शेवटी दवाखाना.

एड्सबद्दल लोक विचारतात. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली, जिथे हा रोग सर्वत्र पसरलेला आहे अशा आफ्रिकी देशांसाठी ती सुचवली. आपल्याकडे परिस्थिती तशी नाही, आणि सुंता झाली तरी निरोधची जागा ती घेऊ शकत नाही. स्वच्छतेचे म्हणाल, तर मोठ्या माणसाने रोज आंघोळीच्या वेळी कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावे आणि पुन्हा पुढे आणावी. इतके पुरते.

ज्यांच्यात धर्माने सुंता आहे त्यांनी ती जरूर करावी, पण निर्जंतुक हत्यारांनी आणि प्रशिक्षित माणसाकडून. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे सर्जनला आवर्जून सांगावे. घरात कोणाचे रक्त लवकर थांबत नसेल, तर तेही. मुलाचे लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, तर सुंता मुळीच करू नये. ते छिद्र पुढे आणण्याच्या शस्त्रक्रियेत हीच कातडी वापरायची असते.

त्या नवरदेवाला मी शस्त्रक्रिया नाकारली. भिंतीवरच्या तक्त्यावर चित्र दाखवून अर्धा तास बोललो. "म्हणजे माझं बरोबर हाय?" असे त्याने तीनदा विचारले. अक्षता टाकायला बोलावले होते, पण त्या दिवशी प्रसूतीचा एक रुग्ण आला आणि जाणे राहून गेले.

एक गोष्ट तेवढी सर्वांनी लक्षात ठेवावी. मागे घेतलेली कातडी पुढे येईना आणि बोंड सुजून टरारले, तर त्याला वाट पाहायला वेळ नसतो. रक्तपुरवठा अडतो आणि टोक काळे पडू शकते. माझ्याकडे असा एक गडी दोन दिवस लुंगीत लपवून, तिसऱ्या दिवशी ताप घेऊन आला होता. थोडक्यात बचावला. अशा वेळी रात्र आहे, डॉक्टर काय म्हणतील, बाई डॉक्टर आहे, यातले काही मनात आणू नये. उपजिल्हा रुग्णालय रात्रीही उघडे असते, आणि माझे दारही वाजवावे.