कोटणीस, विंचू आणि ५,३०० अक्षरं

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर अर्जासोबत स्वतःबद्दल लिहावं लागतं: डॉक्टरच का व्हायचंय? मर्यादा मोकळ्या जागांसकट ५,३०० अक्षरांची. महाड-पोलादपूरच्या मुलांना हे कोणी विचारत नाही. त्यांच्यापुढे ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेचे १८० प्रश्न आणि ७२० गुण. आपल्याकडे निराळं काही विचारणारं कॉलेज होतं ते सेवाग्रामचं. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत, नीट येईपर्यंत, गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याच्या मनात काय आहे, याची कोणीतरी चौकशी करत होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग त्या अमेरिकी निबंधात आवडता चित्रपट आणावा का? जरूर आणावा. समजा, पोलादपुरातून मुंबईला आणि तिथून न्यू जर्सीला गेलेल्या घरातली मुलगी आहे. आजोबांबरोबर तिने व्ही. शांतारामांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पाहिला. सोलापूरचा तरुण डॉक्टर १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला जातो आणि परत येत नाही. भारावून जावं असाच चित्रपट. पण भारावले एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला कोटणीस भेटतात, ती भेटत नाही. पडद्यावरचे कोटणीस प्लेगशी झुंजतात. खरे द्वारकानाथ कोटणीस ३२व्या वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. पडदा आणि आयुष्य इथे वेगळे होतात, आणि हे जिला खटकलं ती डॉक्टरसारखं पाहू लागली आहे.

तसं पाहणं म्हणजे काय, हे समजायला तिने आजोळी यावं. कोकणातला लाल विंचू दगडी गडग्यांत, पेंढ्यात, लाकूडफाट्यात दडतो. लहानसा जीव, पण त्याच्या डंखाने धडधाकट माणूस काही तासांत जाई. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि अशा रुग्णांशेजारी बसून राहिले. घाम कधी फुटतो, उलटी कधी होते, हातपाय गार कधी पडतात, दम कधी लागतो, ते टिपत राहिले. त्यांची निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापली.

शरीरात जे चाललेलं असतं ते थक्क करणारं आहे. नसांवर सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. विष ती मिटू देत नाही. नसा थांबायचं विसरतात, ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा रक्तात लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो!

बावस्करांनी हात घातला तो रक्तदाबाच्या एका स्वस्त गोळीला, प्राझोसिनला. ‘आवळा’ असं सांगणारा निरोप रक्तवाहिन्यांच्या ज्या ठिकाणी पोचतो, तीच जागा ही गोळी अडवते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. गंभीर रुग्णांतले २५ ते ३० टक्के दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे महाडलाच ७० रुग्णांवर चाचणी झाली, आणि प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आडगावच्या खाटेशेजारी सुरू झालेलं काम जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं.

हे कळल्यावर त्या मुलीने चित्रपटाला दोन-तीन ओळी द्याव्यात. उरलेली जागा तिच्या स्वतःच्या विचारण्याची. पोलादपूरच्या आजीला कधी विंचू चावला असेल, तर किती वाजता चावला, घाम किती वेळाने आला, आधी मांत्रिकाकडे नेलं की दवाखान्यात, तेव्हा गाडी मिळाली का, हे तिने विचारावं आणि उत्तरं आजीच्या शब्दांत उतरवून घ्यावीत.