वीस सेकंदांची फेरी

ऑनलाइन कॅसिनोतल्या झटपट खेळांमध्ये 'क्रॅश' हा प्रकार सर्वांत साधा आहे. पडद्यावर एक आकडा १.०० पासून चढू लागतो आणि कोणत्याही क्षणी तुटतो. तो तुटण्याआधी ज्याने बटण दाबले, त्याला लावलेल्या रकमेच्या तितके पट पैसे मिळतात. ज्याने दाबले नाही, त्याची लावलेली रक्कम जाते. पत्ते नाहीत, चाक नाही, शिकण्यासारखे नियमही नाहीत. २०१४ च्या सुमारास 'बस्टाबिट'सारख्या, बिटकॉइनवर चालणाऱ्या संकेतस्थळांवर हा खेळ रुजला. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या 'स्प्राइब' या कंपनीने २०१९ मध्ये 'एव्हिएटर' आणला आणि चढत्या आकड्याला विमानाचे रूप दिले. तेव्हापासून त्याच्या असंख्य नकला निघाल्या. कुठे रॉकेट आहे, कुठे फुगा, कुठे गाडी. आतले गणित तेच.

पडदा मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. काळ्या पार्श्वभूमीवर छोटे लाल विमान, त्यामागे वर चढणारी लाल रेषा आणि मधोमध ठळक आकडा. वरच्या पट्टीत आधीच्या फेऱ्यांचे निकाल रंगांत मांडलेले असतात: दोनच्या आतले निळे, दोन ते दहा जांभळे, दहाच्या वरचे गुलाबी. दुसरीकडे त्या घटकेला खेळणाऱ्यांची यादी सरकत असते. नावांची मधली अक्षरे ताऱ्यांनी झाकलेली असतात, मात्र कोणी किती लावले आणि किती काढले ते उघड दिसते. ज्याने वेळेत पैसे काढले त्याची ओळ हिरवी होते. ज्यांचे बुडाले त्यांच्या ओळी तशाच राहतात, रंग बदलत नाहीत. त्यामुळे यादीवर नजर टाकणाऱ्याला जिंकणारेच ठळक दिसतात.

दोन फेऱ्यांच्या मध्ये साधारण पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात रक्कम ठरवून हिरवे बटण दाबायचे असते. दाबताच ते लाल होते आणि विमान सुटेपर्यंत पैज रद्द करता येते. विमान सुटले की बटण नारिंगी होते आणि त्यावर रुपये वाढू लागतात. दहा रुपये लावले असतील तर १०.४०, ११.१०, १२.६०, असा आकडा बोटाखालीच चढत जातो. खेळाच्या रचनेतला हा सर्वांत परिणामकारक तपशील म्हणावा लागेल. मधल्या मोठ्या आकड्यात नुसता पट दिसतो, पण बटणावर पैसे दिसतात आणि ते आपल्याच नावावर जमा होत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात बटण दाबेपर्यंत त्यातला एक पैसाही खेळाडूचा नसतो. आकडा सुरुवातीला सावकाश सरकतो, पुढे भराभर वाढतो. म्हणजे जितके थांबावे तितका प्रत्येक सेकंद अधिक मोलाचा भासतो. मग विमान एकदम पडद्याबाहेर जाते, आकडा लाल होऊन गोठतो आणि पुढच्या फेरीची पट्टी भरू लागते. काही फेऱ्या सेकंदाभरात संपतात, काही अर्ध्या मिनिटावर जातात. मधली उसंत धरून एक फेरी साधारण वीस सेकंदांची, म्हणजे मिनिटाला तीन.

विमान कधी जाणार हे उड्डाणाच्या आधीच ठरलेले असते. खेळ चालवणाऱ्या सर्व्हरचा एक गुप्त संकेतांक आणि फेरीत सर्वांत आधी पैज लावणाऱ्या तीन खेळाडूंच्या बाजूने आलेले संकेतांक एकत्र करून त्यांतून गणिती पद्धतीने निकालाचा आकडा काढला जातो. सर्व्हरचा संकेतांक कुलूपबंद स्वरूपात आधीच जाहीर झालेला असतो. फेरी संपल्यावर तो उघडा होतो आणि कोणालाही पडताळणी करता येते. या व्यवस्थेला 'प्रोव्हेबली फेअर' म्हणतात आणि जाहिरातीत तिचा गाजावाजा होतो. तिच्यामुळे एक गोष्ट सिद्ध होते: फेरी चालू असताना निकाल बदललेला नाही. पैज खेळाडूच्या फायद्याची आहे, हे मात्र तिच्यातून सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट तिच्यातूनच निघते, ती जाहिरातीत नसते. निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे अंगठ्याची चपळाई, नजर, अनुभव, वरच्या पट्टीतले निळे-गुलाबी आकडे, यांपैकी कशाचाही विमानावर परिणाम होत नाही. पाठोपाठ आठ निळे आकडे आले म्हणून नववा गुलाबी येण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. पट्टी मात्र समोर कायम असते आणि तिच्यात 'पॅटर्न' शोधण्यात खेळाडूंचा बराच वेळ जातो.

खेळाचे गणित एका ओळीचे आहे. 'एव्हिएटर'मध्ये लावलेल्या पैशांपैकी सरासरी ९७ टक्के परत जातात, ३ टक्के 'घराकडे', म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, राहतात. याचा अर्थ विमान एखाद्या पटापर्यंत पोहोचण्याची शक्यता ०.९७ ला त्या पटाने भागले की मिळते. दुपटीपर्यंत ते शंभरातल्या साडेअठ्ठेचाळीस फेऱ्यांत पोहोचते, दीडपटीपर्यंत सुमारे पासष्ट फेऱ्यांत, दहापटीपर्यंत दहाहूनही कमी आणि शंभरपटीपर्यंत जेमतेम एका फेरीत. शंभरातल्या तीन-चार फेऱ्यांत ते जागेवरूनच नाहीसे होते, बोट हलायच्या आत. कुठेही बाहेर पडले तरी सरासरी परतावा तोच, ९७ टक्के. लवकर निघणारा सावध खेळाडू आणि शेवटपर्यंत ताणणारा धाडसी खेळाडू यांच्यात फरक पडतो तो चढउतारांचा. पहिल्याचे पैसे सावकाश झिजतात, दुसऱ्याचे धक्क्याधक्क्याने जातात.

तीन टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, आणि तो रुलेटपेक्षा फारसा वेगळाही नाही. युरोपीय रुलेटच्या चाकावर ३७ कप्पे असतात आणि घराचा वाटा २.७ टक्के पडतो. पण गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो-बोटीवरच्या किंवा कुठल्याही खऱ्या टेबलावर चेंडू थांबेपर्यंत वाट पाहावी लागते, डीलर चिप्स गोळा करतो, वाटप करतो, मग पुढचा फेरा सुरू होतो. तासाभरात तीस-चाळीस फेरे होतात. दर फेऱ्याला दहा रुपये लावणाऱ्याचे पस्तीस फेऱ्यांत साडेतीनशे रुपये फिरतात आणि सरासरी साडेनऊ रुपये जातात. विमानाच्या खेळात तीस फेऱ्या दहा मिनिटांत होतात, तीनशे रुपये फिरतात आणि सरासरी नऊ रुपये जातात. म्हणजे टेबलावरच्या तासाभराचा खर्च इथे दहा मिनिटांत होतो. पडद्यावर पैज लावायच्या दोन चौकटी असतात; दोन्हींतून पैजा लावल्या तर हा खर्च दुप्पट. मोबाइलवरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे चित्रांची चाके फिरवण्याच्या खेळात, वेग आणखी वाढतो: अडीच सेकंदाला एक फिरकी धरली तर दहा मिनिटांत २४० फिरक्या, दहा रुपयांच्या हिशेबाने २,४०० रुपयांची उलाढाल आणि ९६ टक्के परतावा असला तरी सरासरी ९६ रुपयांचा तोटा. झटपट खेळाची खरी किंमत घराच्या टक्केवारीत शोधू नये, ती दर मिनिटाच्या फेऱ्यांत आहे. कंपन्या टक्केवारी अभिमानाने छापतात, वेग छापत नाहीत.

अशा खेळाची बैठक लहान असते: लोकल येईपर्यंत, जेवणाच्या सुटीत, झोपण्यापूर्वी. सुरुवात बहुधा शिस्तीत होते. दहा रुपये, दीडपटीला बाहेर. तीनांतल्या दोन फेऱ्या जिंकल्या जातात आणि पद्धत सापडल्यासारखे वाटते. मग एखाद्या फेरीत १.५० ला पैसे काढल्यावर विमान तीसपटीपर्यंत जाते. जे हातात आले ते पाच रुपये, जे डोळ्यांसमोरून गेले ते जवळपास तीनशे. खेळाडू त्या फेरीत जिंकलेला असतो, तरी मनाला ती हार वाटते. स्लॉट यंत्रात अशी चुटपुट क्वचित लागते, कारण चाके थांबल्यावर पुढे काय झाले असते ते दिसत नाही. इथे बाहेर पडलेल्यालाही विमान शेवटपर्यंत दिसते. पुढच्या फेरीत तो थांबून राहतो, विमान १.१२ ला जाते. मग दुसरी चौकट उघडली जाते: एकीतून लवकर निघायचे, दुसरीतून ताणायचे. त्यानंतर येतो तो 'कव्हर' करण्याचा टप्पा. हरलेले भरून काढायला रक्कम दुप्पट, मग चौपट.

या दुपटीच्या पद्धतीला जगभर 'मार्टिंगेल' म्हणतात आणि ती अठराव्या शतकापासून जुगाऱ्यांना बुडवत आली आहे. दहा रुपयांपासून सुरू करून प्रत्येक हारीला दुप्पट केले आणि दोनच्या पटाला बाहेर पडायचे ठरवले, तर सातव्या हारीनंतर १,२७० रुपये गेलेले असतात आणि पुढची पैज १,२८० रुपयांची असते. हे सगळे दहा रुपये जिंकण्यासाठी. ओळीने सात फेऱ्या हरण्याची शक्यता शंभरात सुमारे एक आहे, म्हणून ती दूरची वाटते. पण शंभर फेऱ्यांच्या खेळात अशी रांग कुठेतरी येण्याची शक्यता साधारण तीनात एक होते, आणि शंभर फेऱ्या इथे अर्ध्या तासाच्या थोड्या पुढे संपतात. जी आपत्ती टेबलावर तीन तासांत कदाचित आली असती, ती इथे जेवणाच्या सुटीत गाठते.

लहान बैठक म्हणजे लहान नुकसान, हा समज इथे कोसळतो. सहसा ती तीन प्रकारे संपते: खात्यात काही उरत नाही, बाहेरून कोणी हाक मारते, किंवा ठरवलेली रक्कम जिंकली जाते. तिसरा शेवट सर्वांत कमी टिकाऊ असतो, कारण पैसे खात्यातच राहतात आणि पुढची बैठक फक्त खिशातून फोन काढण्याइतकी दूर असते. खेळात आपोआप चालण्याची सोयही आहे. किती फेऱ्या खेळायच्या, रक्कम किती घटली की थांबायचे, किती पटाला बाहेर पडायचे, हे भरून ठेवता येते. थांबण्याची अट खरोखर भरली तर ही सोय उपयोगी आहे. न भरता वापरली तर पैसे जात असताना निर्णयाचा शेवटचा क्षणही उरत नाही.

अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस वागणूक सर्वांत घट्ट रुजवते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवून दिले. निव्वळ नशिबाच्या गोष्टीत निवड करायला मिळाली की माणसाला आपले नियंत्रण असल्याचा भास होतो, हे एलन लँगर यांनी १९७५ मध्ये मांडले. क्रॅशच्या बटणात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. लास व्हेगासच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाउ शुल यांनी २०१२ च्या पुस्तकात दाखवले की, सवय जडलेले अनेक खेळाडू जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. ते खेळतात ते त्या अखंड लयीत राहण्यासाठी, जिथे वेळ, पैसा आणि आजूबाजूची माणसे मागे पडतात. लय अखंड राहायची तर फेऱ्यांमधली उसंत लहान हवी, आणि पाच सेकंदांची उसंत नेमकी तेवढी आहे.

मुंबईने जुगाराचा याहून फार वेगळा वेग पाहिला आहे. न्यू यॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर लागणारा सट्टा बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटका सुरू केला. त्याचे दिवसाला दोनच आकडे: ओपन आणि क्लोज. त्यानेही घरे उद्ध्वस्त केली, यात शंका नाही. पण दोन आकड्यांच्या मध्ये काही तास जात. तेवढ्या वेळात कामावर जावे लागे, घरी तोंड दाखवावे लागे, उधारी मागायची तर माणसासमोर उभे राहावे लागे. आज एका तासात १८० निकाल लागतात आणि पैसे यूपीआयने कोणालाही न दिसता जातात.

वेग हाच धोका आहे हे ब्रिटनच्या जुगार आयोगाने नियमांत उतरवले. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ऑनलाइन स्लॉटची एक फिरकी किमान अडीच सेकंदांची ठेवावी लागते आणि आपोआप खेळण्याची सोय बंद आहे. जानेवारी २०२५ पासून इतर कॅसिनो खेळांना किमान पाच सेकंदांचे बंधन आले. त्याच वर्षी स्लॉटच्या एका फिरकीला कमाल ५ पौंड आणि १८ ते २४ वयाच्या खेळाडूंना २ पौंड अशी मर्यादा लागू झाली.

भारताने मर्यादेऐवजी बंदीचा मार्ग घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वादही त्याने बाजूला सारला. तरी परदेशातून चालणारी संकेतस्थळे, टेलिग्रामवर त्यांचे 'आयडी' विकणारे मध्यस्थ आणि विमान कधी जाणार ते आधी सांगण्याचा दावा करणारी 'प्रेडिक्टर' ॲप्स सुरूच आहेत. ही शेवटची ॲप्स सरळ फसवणूक आहेत, कारण कुलूपबंद संकेतांकातून निकाल आधी वाचता येत नाही. बेकायदा संकेतस्थळावर अडकलेले पैसे परत मागायला दारही नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यात ऑनलाइन प्रकाराची वेगळी नोंद आहे. २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा मदत मागताना गुन्हेगार ठरण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक.