उमेदवारीचे सहा आठवडे

परीक्षेत उत्तर चुकले तर गुण कापले जातात आणि प्रकरण तेथेच संपते. चुकीचा भुर्दंड ज्याचा त्यालाच पडतो. कारखान्यात तयार होणारी वस्तू मात्र ती करणाऱ्याच्या हाती राहत नाही. ती दुसऱ्याच्या हाती जाते आणि तिच्यातील दोषही तिच्याबरोबर जातो. वरवर पाहता हा फरक साधा वाटेल. परंतु शिक्षण संपवून कामाच्या जगात पाऊल टाकणाऱ्या तरुणाला तो केवळ सांगून समजत नाही. तो त्याला स्वतःच्या हातांनी समजून घ्यावा लागतो. इंटर्नशिप या नावाने आज सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या अनुभवाचे खरे मोल यातच आहे.

मराठीत यासाठी ‘उमेदवारी’ हा जुना शब्द आहे. आज तो निवडणुकीच्या संदर्भात अधिक कानावर पडतो. पण पूर्वी कचेरीत किंवा पेढीवर पुढे कायमची जागा मिळेल या उमेदीने, अल्प वेतनावर वा विनावेतन काम शिकणाऱ्या माणसाला उमेदवार म्हणत. काम शिकणे आणि भविष्याची आशा बाळगणे या दोन्ही गोष्टी या एका शब्दात एकत्र आल्या आहेत. विद्यार्थ्याच्या मनातही त्या अशाच एकत्र नांदत असतात. ‘मला हे काम येईल काय?’ आणि ‘या कामावर माझे आयुष्य उभे राहील काय?’ हे दोन प्रश्न घेऊन तो कारखान्याच्या दारात उभा राहतो.

रिछाईतील एक विद्यार्थी

जबलपूर शहराच्या कडेला रिछाई ही औद्योगिक वसाहत आहे. जबलपूरला कारखान्यांची परंपरा जुनी आहे. ‘गन कॅरेज फॅक्टरी’ हा तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. मोठ्या कारखान्यांच्या आसपास लहान यंत्रशाळांची वस्ती वाढत जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. रिछाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या लेथ आणि ड्रिलिंग यंत्रांकडे पाहताना त्याची आठवण होते.

या शहरात मराठी कुटुंबेही अनेक पिढ्यांपासून राहत आली आहेत. काही नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आली, काही पुढे रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि संरक्षण खात्याचे कारखाने यांतील नोकरीच्या निमित्ताने स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबातील विद्यार्थी आपण डोळ्यांपुढे आणू. त्याचे आजोबा मोठ्या कारखान्यात लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. वडिलांचेही तसेच झाले. मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उन्हाळ्याच्या सुटीत सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी रिछाईतील एका लहान यंत्रशाळेत दाखल झाला आहे. घरातल्यांना हा मुक्काम फारसा पसंत नाही. ‘शिकायचेच तर मोठ्या ठिकाणी शिकावे’, असे आजोबांचे मत आहे.

पहिले दोन आठवडे त्याची निराशा होते. त्याला कोणी यंत्राला हात लावू देत नाही. सकाळी लोखंडाचा किस गोळा करणे, तयार नगांच्या धारदार कडा कानशीने घासणे आणि त्यांची मोजदाद करून नोंदवहीत आकडे लिहिणे, एवढेच काम त्याच्याकडे असते. लेथ चालविणारे वयस्क कारागीर, ज्यांना सारे उस्ताद म्हणतात, फारसे बोलत नाहीत. विद्यार्थ्याला त्यांच्या कामाची एक तऱ्हा खटकते. एक नग पूर्ण झाला की ते तो लगेच मोजत नाहीत. बाजूच्या लोखंडी टेबलावर ठेवतात, दुसरा नग यंत्रावर चढवितात आणि मग केव्हा तरी पहिला मोजतात. हा वेळकाढूपणा आहे, असे तो मनाशी ठरवून टाकतो.

बारा नगांची गोष्ट

तिसऱ्या आठवड्यात उस्ताद त्याला यंत्रावर उभे करतात. बेअरिंगमध्ये बसणारा २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट तयार करायचा असतो. येथे थोडे तांत्रिक स्पष्टीकरण आवश्यक आहे. कोणतीही वस्तू अगदी नेमक्या मापाची करणे मनुष्याला शक्य नसते. म्हणून आराखड्यातच चालू शकेल एवढी तफावत ठरवून दिलेली असते. तिला टॉलरन्स म्हणतात. या शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये आणि २४.९७९ मिलिमीटरपेक्षा कमीही असता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे दोन हद्दींतील अंतर अवघे ०.०२१ मिलिमीटर आहे. माणसाच्या केसाची जाडीदेखील साधारणपणे याच्या तिप्पट असते.

विद्यार्थी जपून काम करतो. यंत्रावरून उतरलेला नग फडक्यात धरून लगेच मायक्रोमीटरने मोजतो. माप २४.९८ येते, म्हणजे नग हद्दीत आहे. दुपारपर्यंत असे बारा नग होतात आणि उस्तादांपेक्षा आपला वेग अधिक आहे, याचे त्याला मनातून समाधान वाटते.

जेवणाच्या सुटीनंतर तो सहज एक नग पुन्हा मोजतो. माप २४.९७ भरते. तो दुसरा घेतो, तिसरा घेतो. बाराही नग लहान झालेले असतात.

हे कसे घडले? पोलाद तापले की प्रसरण पावते. एक मीटर लांबीच्या पोलादाचे तापमान एका अंशाने वाढले तर त्याची लांबी सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. लेथवर धातू कापला जाताना घर्षणाने आणि धातूच्या विरूपणाने उष्णता निर्माण होते. विद्यार्थ्याने मोजला तेव्हा नग मायक्रोमीटरपेक्षा ४० अंशांनी अधिक उष्ण होता, असे धरले तर २५ मिलिमीटर व्यासात सुमारे ०.०१२ मिलिमीटरची फुगवट होती. नग निवाला, फुगवट गेली आणि खरे माप उघडे पडले. मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते, ते याच कारणाने. जबलपूरच्या उन्हाळ्यात शेडमध्ये २० अंश कोठून असणार! परंतु नग आणि मापक दोन्ही पोलादाचे असले व एकाच तापमानाला आले, तर दोघांचेही प्रसरण जवळजवळ सारखेच होते आणि माप विश्वसनीय ठरते. उस्ताद नग टेबलावर ठेवून थांबत, त्याचे रहस्य हे होते. प्रसरणाचे सूत्र विद्यार्थ्याला पाठ होते, त्यावरील गणितेही त्याने सोडविली होती. उस्तादांनी ते सूत्र कधी लिहिले नसेल, पण ते त्याप्रमाणे वागत होते.

माप मोठे राहिले असते तर आणखी थोडा धातू कापून नग सुधारता आला असता. कापून काढलेले लोखंड मात्र परत लावता येत नाही. बारा नग भंगारात जमा होणार, हे निश्चित होते.

एक निर्णय

आता त्या विद्यार्थ्यापुढे एक निर्णय उभा राहतो, आणि आपल्या विषयाचा गाभा हाच आहे. शेडमध्ये तो क्षणभर एकटा आहे. चांगल्या नगांची पेटी शेजारीच आहे. पाठविलेल्या मालातील प्रत्येक नग तपासला जातोच असे नाही. पुष्कळदा त्यातील काही नमुने निवडून तपासतात. बारा नग त्या पेटीत मिसळून गेले, तर कदाचित कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तीन आठवड्यांनी त्याचे प्रशिक्षण संपेल, प्रमाणपत्र हाती पडेल.

परंतु शाफ्ट आवश्यकतेपेक्षा लहान असेल तर त्यावर बेअरिंग सैल बसते. ते हळूहळू घसरू लागते, घासते, हादरे वाढतात आणि एक दिवस यंत्र बंद पडते. ज्याचे यंत्र बंद पडेल तो मनुष्य या विद्यार्थ्याला ओळखत नसेल. चूक कोणाची, हे त्याला कधीही कळणार नाही. ‘काम’ या शब्दातील जबाबदारी ती हीच. ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसाशी प्रामाणिक राहणे, हा कोणत्याही धंद्याचा पाया आहे. तो लेथवरील कारागिराला जितका लागू आहे, तितकाच औषधे बनविणाऱ्याला आणि हिशेब लिहिणाऱ्यालाही लागू आहे.

आपला विद्यार्थी बारा नग घेऊन उस्तादांकडे जातो. ते रागावत नाहीत आणि शाबासकीही देत नाहीत. ते नगांवर लाल खूण करून वेगळे ठेवतात, नुकताच उतरलेला एक गरम नग त्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, “बेटा, हा अजून बोलतो आहे. गप्प झाला की मोजावा.” सायंकाळी मालक नोंदवहीत बारा नगांचे नुकसान लिहितात. त्या ओळीपुढे विद्यार्थ्याला स्वतःची सही करावी लागते. आयुष्यातील त्याची ही कामावरची पहिली सही असते.

ज्ञान आणि हात

विद्या आणि काम यांची फारकत झाली आहे, ही तक्रार नवी नाही आणि ती केवळ आपल्याच देशातली नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये एक योजना सुरू केली. तीत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात काम करीत. भारतात १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ हा तास दिसू लागला, त्यामागे हा विचार आहे.

कायद्यानेही या प्रश्नाकडे लक्ष दिले. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली झाला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले आणि १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करणारेही आले. येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. शिकाऊ उमेदवाराचा मालकाशी नोंदणीकृत करार होतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमातील इंटर्नशिप त्याहून वेगळी आहे. ती पुष्कळदा काही आठवड्यांची असते आणि ती कशी पार पडेल, हे बव्हंशी यजमान संस्थेच्या व विद्यार्थ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहते. एखादी संस्था विद्यार्थ्याला फुकटचा मजूर समजते. काही विद्यार्थी एकही दिवस न जाता प्रमाणपत्र मिळवितात. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याची फसवणूक होते. दुसऱ्यात विद्यार्थी स्वतःलाच फसवितो. म्हणून प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मला कोण शिकविणार, मला कोणते काम प्रत्यक्ष करावयास मिळणार आणि माझे काम कोण तपासणार. यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जेथे काम तपासले जात नाही, तेथे ते शिकताही येत नाही.

कोणत्या उमेदीने?

आता विद्यार्थ्याच्या मनातील दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आजोबांच्या काळी भविष्याचा अर्थ एका मोठ्या कारखान्याचे फाटक असा होता. त्या फाटकातून एकदा आत गेले की निवृत्तीपर्यंत चिंता नसे. त्या विश्वासाला आधार होता आणि त्याने हजारो घरे उभी केली. पण कारखान्याचे नाव कायम राहिले तरी त्यातील काम कायम राहत नाही, हे जबलपूरने पाहिले आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने बनणारा शक्तिमान ट्रक आणि ज्याच्या नावातच जबलपूरचे आद्याक्षर आहे ती जोंगा गाडी, ही एके काळी या शहराची ओळख होती. विसावे शतक संपता संपता दोन्हींचे उत्पादन थांबले. पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळच विसर्जित झाले आणि देशभरातील त्याचे कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटले गेले. मोठ्या कारखान्यातील बदल लहान यंत्रशाळांपर्यंत पोहोचतो: मागणी बदलते, आराखडे बदलतात, कधी कामच कमी होते.

मग टिकते काय? शक्तिमानचा भाग करणाऱ्या कारागिराला तो ट्रक बंद झाल्यावर दुसऱ्या वाहनाचा भाग करता आला, कारण त्याला केवळ एक वस्तू करता येत नव्हती. त्याला आराखडा वाचता येत होता, माप घेता येत होते आणि आपल्या मापावर शंका घेता येत होती. आज लेथवर संगणकाचे नियंत्रण आले आहे, उद्या आणखी काही येईल. तरीही पोलाद तापल्यावर फुगेलच आणि कोणाला तरी त्याचे भान ठेवावे लागेलच. नोकरी बदलते, पदनाम बदलते. अशा सवयी मात्र माणसाबरोबर जातात. भविष्याची निवड करताना ‘कोणती नोकरी कायमची?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या कामात माझ्या अंगी अशा सवयी बाणतील?’ हाही प्रश्न तरुणांनी विचारावा. पहिल्याचे उत्तर आज कोणीही खात्रीने देऊ शकत नाही. दुसऱ्याचे उत्तर सहा आठवड्यांतही मिळू शकते.

सहावा आठवडा संपतो. घरी आजोबा विचारतात, “काय शिकलास तिथं?” नातू खिशातून लाल खुणेचा एक शाफ्ट काढून त्यांच्या हाती देतो, भंगारातून तो त्याने मालकांना विचारून आणलेला असतो. आजोबा चष्मा लावून तो निरखतात, अंगठा फिरवून पाहतात आणि म्हणतात, “गरम असताना मोजला होतास ना?”