दोन हार्ड डिस्क असूनही लिनक्स सर्व्हर सुरू का होत नाही?

एखाद्या छोट्या ऑफिसचा लिनक्स सर्व्हर. त्यात दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तोच डेटा. या रचनेला 'रेड १' म्हणतात. एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच, म्हणून सगळे निर्धास्त. मग एके दिवशी पहिली डिस्क बंद पडते आणि सर्व्हर सुरूच होत नाही. दुसऱ्या डिस्कवर डेटा शाबूत असूनही.

असं का होतं?

सॉफ्टवेअर रेड चालवतं ते लिनक्स. पण लिनक्स सुरू होण्याआधी मशीनचा ताबा यूईएफआय या फर्मवेअरकडे असतो आणि त्याला ही जोडी कळत नाही. ते फक्त ईएसपी नावाचं छोटं पार्टिशन शोधतं. ग्रब हा बूटलोडर तिथे असतो. इन्स्टॉल करताना अनेकदा हे पार्टिशन एकाच डिस्कवर बनतं. नेमकी तीच डिस्क गेली, तर घर शाबूत पण किल्ली हरवली अशी गत!

गाडी कुठे अडली, हे स्क्रीनच सांगतो. बूट डिव्हाइसच सापडत नसेल तर ईएसपी गायब आहे. 'इनिटरॅमएफएस'चा प्रॉम्प्ट दिसला तर बहुधा डिस्कची जोडी जुळलेली नाही. 'इमर्जन्सी मोड' आला तर एफएसटॅब फाइल तपासावी. त्यात हरवलेल्या ईएसपीची नोंद 'नोफेल' पर्यायाशिवाय असेल, तर एवढ्याशा पार्टिशनसाठी अख्खा सर्व्हर अडून बसतो.

सर्वांत मोठा धोका घाईचा

लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून आधी 'एमडीस्टॅट' फाइल पाहावी. तिथे दोन 'यू'पैकी एकाच्या जागी अंडरस्कोअर असेल, तर एक डिस्क बाहेर आहे. जोडी जुळवायला 'एमडीएडीएम'ची 'असेंबल' आज्ञा वापरावी, 'क्रिएट' नव्हे. 'क्रिएट' नवी जोडी बनवते. त्यात डिस्कचा क्रम चुकला, तर जुना डेटा ताज्या डेटावर लिहिला जाऊ शकतो. वाचलेला डेटा बहुतेकदा इथेच जातो.

मग उरलेल्या डिस्कवर ईएसपी बनवून ग्रब बसवावा. जुन्या बायॉसच्या मशीनमध्ये ग्रब दोन्ही डिस्कवर बसवावा लागतो.

नवी डिस्क जोडून सिंक झाल्यावर चाचणी हवीच. मशीन बंद करून एक डिस्क काढा आणि सुरू करून पाहा. मात्र ती परत जोडल्यावर सिंक पूर्ण होईपर्यंत दुसरीला हात लावू नका.