*कांद्याची बातमी आली? माल थांबवण्याआधी हे तपासा*



फेब्रुवारी २०२४ आठवतोय? कांद्यावर ३१ मार्चपर्यंत निर्यातबंदी होती. तरी ‘बंदी उठली’ अशा बातम्या मोबाईलवर फिरल्या. लासलगावला १७ फेब्रुवारीला क्विंटलला १,२८० रुपये असलेला भाव १९ तारखेला १,८०० वर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं, बंदी कायम आहे. प्रत्यक्षात ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्कासह.

रांगडा कांदा उन्हाळीसारखा टिकत नाही. कच्च्या बातमीवर माल थांबवला तर वजनही घटतं आणि भावही हातचा जातो. म्हणून चार गोष्टी बघा:

*१. आदेश आहे की चर्चा?*
‘मंजुरी मिळाली’, ‘लवकरच’, ‘सूत्रांची माहिती’ म्हणजे आदेश नव्हे. निर्यातबंदी लागते किंवा उठते ती डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने. बातमीत तिचा नंबर-तारीख नसेल तर डीजीएफटीच्या वेबसाईटवर बघा. तिथेही नसेल तर आधीचाच नियम कायम आहे असं धरून चाला.

*२. तारीख कोणती?*
निर्यातीच्या जुन्या बातम्या दरवर्षी नव्याने फिरतात. स्क्रीनशॉटवर बऱ्याचदा तारीख नसते. मूळ बातमी उघडून तारीख आणि वर्ष दोन्ही बघा.

*३. हेडिंगमधला भाव कुणाचा?*
‘कांदा चार हजारांवर’ असं लिहिलं असेल तर विचारा: कोणती बाजार समिती, आवक किती, हा जास्तीत जास्त दर की सर्वसाधारण? एखाद्या निवडक वक्कलाला मिळालेला भाव सगळ्या मालाला मिळत नाही. पणन मंडळाच्या वेबसाईटवर आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण असे तिन्ही दर असतात. आपला हिशोब सर्वसाधारण दरावर करा.

*४. दोन बाण दिसतात का?*
व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण असले तर तो अनेक हातांतून फिरून आलाय. खूप जणांनी पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही.

शंका असेल तर पुढे पाठवू नका. आधी बातमीची *लिंक* आम्हाला पाठवा, नुसता स्क्रीनशॉट नको. आपण मिळून तपासू, मग विकायचं की थांबायचं ते ठरवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी